राखीव कुरण

गुराख्यांची शाळा रात्री भरते,
मेंढरं कोंडून झाल्यावर.
लेसोथोच्या या डोंगरात जून म्हणजे हाडं गोठवणारा महिना.
पोरं पांघरुणासकट येतात,
काठ्या दाराशी टेकवतात,
अंगाला बकऱ्यांचा वास तसाच.
मला तो आवडतो,
हे मी तपासनीसांना कधी सांगत नाही.

आज पान एक्केचाळीस.
फळ्यावर तीन चौकटी काढल्या:
कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ.
बाण इकडून तिकडे, तिकडून इकडे,
खडू मध्येच मोडला.
सगळ्यांच्या वर एक मुकुट,
पुस्तकात होता तसा;
तो पुसून मी आपली गवताची निमुळती टोपी काढली.

“टोपीला बाणच नाही,” मोत्लात्सी म्हणाला.
मग राजा करतो काय?
सही करतो. संसद उघडतो.
दुसऱ्यानं लिहून दिलेलं भाषण वाचतो.
आणि नाही पटलं तर?
तरी वाचतो.

सगळ्यात लहान खाउहेलो. त्याला अजून वाचता येत नाही,
म्हणून त्यालाच राजा केलं.
रॉकेलच्या उपड्या डब्यावर बसला,
माझी टोपी नाकापर्यंत.
खिडकीकडची पोरं संसद झाली आणि कायदा केला:
वर्गात जो पेंगेल, त्यानं पहाटे झऱ्यावरून पाणी आणावं.
त्सेलिसोनं टोपीखाली कागद सरकवला,
राजानं अंगठ्याला काजळी लावून उठवला.

घटकाभरानं राजाच घोरू लागला.

कसला गोंधळ!
न्यायाधीश तिघं, बाराचे असतील नसतील,
कोपऱ्यात डोक्याला डोकं लावून बसले,
आणि निकाल लागला:
राजावर खटला चालत नाही,
त्याला जागं ठेवणं प्रधानाचं काम होतं,
तेव्हा पाणी त्सेलिसो आणेल.
असं काही मी शिकवलं नव्हतं,
पान एक्केचाळीसवरही नव्हतं.

मी टाळी वाजवणार, तेवढ्यात
मागून लेबाका उठला. तो सहसा बोलत नाही.
म्हणाला, बाई,
वरचं कुरण राखीव, हे आमच्या मुखियानं ठरवलं.
माझ्या बकऱ्या तिथं शिरल्या,
हिमानं खालचं गवत झाकलं होतं, म्हणून.
त्या धरल्या मुखियाच्याच माणसानं.
कोंडवाडा मुखियाच्या घरामागे.
निवाड्याला बसला, तोही मुखिया.
दंड दोन बकऱ्या.
पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न झालं.
मी मटणाचा वास ओळखला.

कुणी हसलं नाही.
कंदिलाची वात खाली गेली होती, कुणी वर केली नाही.

“या तीन चौकटी,” तो म्हणाला,
“आमच्याकडे एकाच घोंगडीत झोपतात.”

आमच्यात एक म्हण आहे:
माणसं आहेत, म्हणून राजा राजा.
लहानपणी बापाच्या तोंडून ऐकली,
परीक्षेत लिहून गुण मिळवले.
आज ती जिभेवर आली आणि मी गिळली.
म्हटलं, वर अपील करता येतं.
त्यानं विचारलं, वर म्हणजे किती वर?
दोन दिवस चालायचं, मग बस, मग वकील.
आणि तेवढे दिवस उरलेल्या बकऱ्या कोण राखणार?

घंटा नाही आमच्याकडे.
कुत्री भुंकली की शाळा सुटते.
पोरं काठ्या उचलून अंधारात पांगली,
त्सेलिसो प्रधान पाण्याचा डबा आतापासूनच काखेत मारून.
राजाला थोरल्या भावानं पाठुंगळी घेतलं,
टोपी इथंच राहिली.

फळा पुसायला गेले तेव्हा दिसलं,
न्यायमंडळाच्या चौकटीत
कुणीतरी दोन बकऱ्या काढल्यात,
कान जरा मोठेच, एकीला शेपूटच नाही.

बाकी सगळं पुसलं.
उद्या पान बेचाळीस आहे.
तेवढा कोपरा सोडून लिहीन.